गाण्याची मोजणी

प्रेमदासचा लढवय्या एका रविवारी दुपारी साडेचार वाजता मोडक्या पुलाला एका हातानं लटकला, आणि पुढचे दोन आठवडे लटकलेलाच राहिला. खाली दरी, दरीत पाणी, पाण्यात मगरी. एवढ्या अवधीत मगरीसुद्धा कंटाळून घरी गेल्या असत्या. सेलूच्या बाजारात ओळखीची माणसं प्रेमदासच्या हार्डवेअरच्या दुकानासमोर गाडी थांबवून विचारत, "काय जी, अजून लटकूनच हाय काय?" आणि प्रेमदास काउंटरमागून मान हलवत म्हणे, "हो, हो. लिहून द्या."

दुकानात काहीही मागितलं तरी तो "लिहून द्या" म्हणायचा. खिळे लिहून द्या, बिजागऱ्या लिहून द्या, वीतभर पाइप हवा असेल तर तोही लिहून द्या. लोक म्हणत, माणूस काटेकोर आहे. हेमराजला तर त्याचा हाच गुण आवडायचा, कारण हेमराज स्वतः मोजणीच्या ऑफिसात भूकरमापक होता. म्हणजे शेताची हद्द मोजून दगड कुठं रोवायचा ते दाखवणारा सरकारी माणूस. सव्वीस वर्षं त्यानं हेच केलं. दोन भाऊ धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, दोन बाजूंना तोंडं फिरवून उभे, मधे तुरीची ओळ, आणि त्या ओळीत हेमराज. दर मोजणीला कुणीतरी त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणायचं, "साहेब, जरासं सरकवा ना." हेमराजनं कधी बोटभर सरकवलं नाही. मोजणीच्या दिवशी तो कुणाच्या घरचा चहासुद्धा घेत नसे, घरून थर्मास न्यायचा. तो थर्मास तालुक्यात त्याच्यापेक्षा जास्त प्रसिद्ध होता.

तर खेळ. हेमराजचा मुलगा पियुष नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा मागं नियमांचं एक जाडजूड पुस्तक आणि तऱ्हेतऱ्हेच्या फाशांची थैली ठेवून गेला. घर एकदम मोठं झालं. रविवार तर फारच मोठा झाला. तिसऱ्या माणसाची रिकामी जागा किती चौरस फूट असते, हे हेमराजला मोजता येईना, म्हणून त्यानं ते पुस्तक उघडलं.

खेळ असा, की एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरून वागायचं. काही धाडस करायचं म्हटलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर निभावलं, लहान आला तर नशीब. गोष्ट हेमराज सांगायचा. त्याची बायको ज्योत्स्ना चोर होती आणि तिची सोंगटी म्हणजे ब्लाउजचं काळं बटण. प्रेमदास लढवय्या, त्याची सोंगटी दुकानातला अर्ध्या इंचाचा बोल्ट. शेजारच्या आनंदाबाई गायिका, त्यांची सोंगटी म्हणजे तुळशीमाळेतला सुटा मणी. आनंदाबाई तीस वर्षं अंगणवाडीत काढून निवृत्त झाल्या होत्या. गल्ली अजून त्यांना नुसतं "बाई" म्हणते. त्यांनी दारातून हाक मारली की गल्लीच्या टोकाला मातीत खेळणारी पोरं हात धुऊनच घरात शिरत.

टेबलावर चौकटींचा कागद असे. एक चौकट म्हणजे पाच फूट. हेमराजनं तो कागद ऑफिसातल्या नकाशासारखा आखला होता, उत्तर दिशेच्या बाणासकट.

त्या रविवारी त्यानं गोष्टीत सांगितलं, की पुढं दोराचा पूल आहे आणि मधल्या फळ्या कुजलेल्या आहेत. ज्योत्स्ना म्हणाली, "थांबा." आनंदाबाई म्हणाल्या, "थांब रे बाबू, फळ्या पाह्य." खिडकीपाशी बसलेला प्रेमदास म्हणाला, "हो, हो," आणि त्यानं बोल्ट उचलून थेट पुलाच्या मध्यावर ठेवला. बाहेरून सोयाबीनची ट्रॉली धडधडत गेली. गोष्टीतली फळी मोडली आणि लढवय्या एका हातानं लटकला.

"ह्याले म्हणतात बहादुरी," ज्योत्स्ना म्हणाली. "दोन जणी ओरडून राह्यल्या, तरी हा आपला पुढंच."

आता गायिकेची पाळी होती. गायिकेला एक विद्या असते. ती गायली की सोबत्याला धीर चढतो आणि त्याच्या फाशात आणखी एका लहान फाशाची भर पडते.

"मंग मी गाते," आनंदाबाई म्हणाल्या. "इथून पोचते काय?"

हेमराजनं पेन्सिलीच्या टोकानं चौकटी मोजल्या. मग उलट बाजूनं मोजल्या. मग पुस्तक पाहिलं.

"चौदा चौकटी. सत्तर फूट. गाण्याचा पल्ला साठ. नाई पोचत."

प्रेमदास खुर्चीवरून उठून जवळ आला. "म्हणजे दहा फुटासाठी माणूस मारता काय, हेमराजभाऊ?"

"मी नाई मारत. पुस्तक मारते."

"अरे बाबू," आनंदाबाई म्हणाल्या, "गाणं काय साठ फुटावर जाऊन ब्रेक मारते? गाणं म्हणजे का एसटी हाय?"

आणि तेवढ्यात ज्योत्स्ना, स्वतःची लग्नाची बायको, पोह्यांच्या बशा गोळा करता करता म्हणाली, "अवो, जरासं सरकवा ना."

हेमराजनं हळूच पुस्तक मिटलं. सव्वीस वर्षं धुऱ्यावर परक्या माणसांकडून ऐकलेलं वाक्य त्याच्या स्वतःच्या बैठकीत, त्याच्याच घरच्या पोह्यांच्या वासात बोललं गेलं होतं. "आज खेळ इथंच थांबला," तो म्हणाला. प्रेमदासनं चपला घातल्या आणि दारातून सांगून गेला, "लढवय्या पडला तं मीबी उठलो टेबलावरून. कायमचा."

प्रेमदास उठला की खेळ संपला. दोघांत खेळ होत नाही, आणि आनंदाबाई काही रोज रोज चोर आणि हद्दमापकाची भांडणं ऐकायला येणार नव्हत्या. मग रविवार पुन्हा तेवढाच मोठा झाला असता. हेमराजला हे कळत होतं. पण धुरा म्हणजे धुरा.

त्यानं पियुषला फोन लावला.

"बाबा, सोपं आहे. घरचा नियम करा," पियुष म्हणाला. "सगळेच करतात. तुमचा टेबल, तुमचा नियम. साठाचे शंभर करून टाका."

"शंभर कोणत्या आधारावर?"

"आधार म्हणजे?"

"शंभरच काऊन? एकशे दहा काऊन नाई? उद्या कोणी अपील केलं तं मी काय दाखवू?"

पियुषची एकदम मीटिंग निघाली.

एव्हाना गल्लीला बातमी लागली होती. समोरचे वासुदेवराव निवृत्त ग्रामसेवक. ते आपल्या ओट्याच्या पायरीवर बसल्या बसल्या म्हणाले, "हेमराजजी, ठराव घ्या. सूचक मी होतो, अनुमोदक कोणीही पकडा." त्यांना सांगितलं की तुम्ही खेळात नाही. ते म्हणाले, "मंग तं आणखीच निःपक्ष." भजनी मंडळाकडून निरोप आला, की बाईंच्या हाती मंडळाचा माइक द्या, पल्ला आपोआप वाढतो. केस कापणाऱ्यानं हेमराजची मान वाकवलेली असतानाच सुचवलं, की मगरी काढून टाका, पडला तर पडला, पोहत येईल. हेमराजनं पुढचे केस अर्धे ठेवूनच पैसे दिले.

बुधवारी तो कडी घ्यायला प्रेमदासच्या दुकानात गेला. बारा वर्षांची दोस्ती. "प्रेमदास," तो म्हणाला, "माह्यं थोडं ऐकून घे." प्रेमदासनं वहीतून डोकं वर काढलं, त्याच्याकडे पाहिलं आणि कागद पुढं सरकवला. "लिहून द्या."

तो कागद हेमराजला फार लागला. घरी येऊन तो न जेवता बसला. शेजारी आनंदाबाई अंगणात गात होत्या. भुलाबाईचे दिवस होते, गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन त्यांच्याकडून गाणी शिकायला येत.

भुलाबाई चालली नदीच्या थडीनं,
हाक तिले धाडली वाऱ्याच्या गाडीनं.
वारा मेला आळशी, वाटेत बसला,
हाकेचा पदर बाभळीले फसला.

आवाज भिंतीवरून आला, मधघरातून आला, थेट त्याच्या ताटापर्यंत आला. हेमराज ताठ बसला. आधार! आधार समोर गात होता. आनंदाबाईंचं गाणं खरोखर किती फूट जातं ते मोजायचं. सत्तर फुटांवर ऐकू आलं तर नियम सत्तर, पुराव्यासकट. नाही आलं तर लढवय्या दरीत, तोही पुराव्यासकट. सरकवणं नाही, फेरमोजणी. जमिनीची होते, मग गाण्याची का नाही?

दुसऱ्या रविवारी सकाळी आठ वाजता हेमराजनं स्वतःचा पन्नास मीटरचा पोलादी फीता काढला. झेंड्या काढल्या, चुन्याची पिशवी काढली, थर्मास भरला. आनंदाबाईंना त्यांच्या दारात उभं करून पायांभोवती चुन्याचं गोल काढलं.

"ह्यातून हलायचं नाई, बाई."

"हे तं बाळंतिणीची खोली केली तू," त्या म्हणाल्या, पण उभ्या राहिल्या.

प्रेमदास आला. बोलला नाही, पण आला. ठरलं असं, की त्यानं गल्लीतून मागं मागं चालत जायचं आणि गाणं ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा. ज्योत्स्ना फीता धरून त्याच्यामागं. हेमराज दर दहा फुटांवर झेंडी रोवत होता. पन्नास, साठ, सत्तर. हात वर. शंभर. हात वर. एकशे चाळीस फुटांवर आनंदाबाईंना ठसका लागला. त्या गाणं थांबवून पाणी प्यायल्या. प्रेमदासचा हात वरच.

"प्रेमदास! गाणं बंद हाय!"

हात वरच. ज्योत्स्नानं त्याचा शर्ट ओढला, तेव्हा तो दचकला.

"माह्या कानात अजून घुमून राह्यलं होतं," तो म्हणाला आणि त्यानं नजर वळवली.

हेमराजला वाटलं, खोटं बोलतो. धुऱ्यावर माणसं कशी बोलतात ते त्यानं पाहिलं होतं. पण खुद्द प्रेमदासनं? दहा फुटांसाठी? त्याला प्रेमदासशी दोन शब्द बोलायचे होते, पण तोवर हेमराजभोवती बारा माणसं जमली होती आणि प्रत्येकाच्या हातात कागद होता.

गल्लीची चूक नव्हती. मोजणीचा साहेब रविवारी सकाळी चुना, झेंड्या आणि फीता घेऊन रस्त्यात उभा दिसला तर शहाणा माणूस काय समजेल? एक जण घरटॅक्सच्या पावत्या घेऊन आला, एक जण वडिलांच्या वेळचं खरेदीखत. "साहेब, रस्ता किती फुटाचा करून राह्यले? आमचा संडास जाते काय?"

"रस्ता नाई," हेमराज म्हणाला. "गाणं मोजून राह्यलो."

सगळ्यांनी आपापले कागद छातीशी धरले. मग एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "वरून सांगितलं असन, बोलू नोका म्हणून."

वासुदेवरावांच्या ओट्याच्या दोन पायऱ्या रस्त्यात तीन फूट आलेल्या होत्या, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, त्यांना तर सगळ्यांत जास्त. सोमवारी दुपारी त्यांनी माणूस बोलावून त्या दोन्ही पायऱ्या स्वतःहून फोडून टाकल्या, पंचनामा व्हायच्या आत. संध्याकाळी ज्योत्स्नानं त्यांच्या बायकोला, यशोदाबाईंना, खरा प्रकार सांगितला. तेव्हापासून यशोदाबाई घरात चढताना प्लास्टिकचं स्टूल लावत आणि चढताना हेमराजच्या दाराकडे पाहून मोठ्यानं म्हणत, "गाण्यानं पायऱ्या गेल्या माह्या. नाचले असते तं छप्पर गेलं असतं."

मंगळवारी ऑफिसात निनावी अर्ज आला. हेमराजचे साहेब प्रभाकरराव, निवृत्तीला आठ महिने राहिलेले, कधी कुणी हसताना न पाहिलेले. त्यांनी तो अर्ज वाचून दाखवला.

"'सदर कर्मचारी सुटीच्या दिवशी रस्ता रुंदीकरणाची बेकायदा मोजणी करीत होता. विचारणा केली असता, गाणे मोजतो, असे उडवाउडवीचे उत्तर देतो. सोबत एक महिला मोठ्याने गाऊन नागरिकांचे लक्ष विचलित करीत होती.'" त्यांनी चष्मा काढला. "खुलासा द्या. लेखी."

हेमराजनं तीन मसुदे फाडले. चौथा असा होता: "फीता खाजगी मालकीचा असून पावती सोबत जोडली आहे. मोजणी जमिनीची नसून गाण्याची होती. सदर गाणे लढवय्यापर्यंत पोहोचते किंवा कसे, याबाबत वाद आहे. लढवय्या सध्या पुलास लटकलेला आहे. पूल कल्पित आहे." शेवटचं वाक्य त्यानं लाल शाईनं अधोरेखित केलं.

प्रभाकररावांनी खुलासा तीन वेळा वाचला. पंखा फिरत होता. कुठंतरी शिक्का आपटत होता.

"गाणाऱ्या बाईच्या पायापासून मोजलं की तोंडापासून?"

"पायापासून, साहेब."

"तोंड पुढं असते."

"चार बोटं असन, साहेब."

"चार बोटं म्हणजे चार बोटं." त्यांनी कागद फायलीत लावला. "लगतच्या लोकांना नोटीस दिली होती?"

"नाई, साहेब."

"मंग चूक तुमची. गट नंबर असो का गाणं असो, मोजायच्या आधी शेजाऱ्याले सांगावं लागते. सव्वीस वर्षं काय केलं तुम्ही?"

हेमराजचे कान गरम झाले. अर्ज, बदनामी, यशोदाबाईंचं स्टूल, हे सगळं त्यानं सोसलं असतं. पण नोटीस राहिली, ही खरी चूक होती. त्यानं त्या आठवड्यात साध्या कागदावर बावीस नोटिसा हातानं लिहिल्या आणि दारोदार नेऊन पोच घेतली. "येत्या रविवारी सकाळी आठ वाजता सौ. आनंदाबाई यांच्या गाण्याची फेरमोजणी होणार आहे. हरकत असल्यास समक्ष हजर राहावे." पोच घेताना लोक विचारत, "हजर नाई राह्यलो तं?" तो सांगे, "मोजणी एकतर्फी होईन." बास, मग सगळ्यांनी यायचं ठरवलं.

तिसऱ्या रविवारी गल्लीत जत्रा होती. भजनी मंडळ होतं, टिपऱ्यांसकट पोरी होत्या, यशोदाबाई आपलं स्टूल घेऊन त्यावरच बसल्या होत्या. वासुदेवराव पंच. ट्रॅक्टरवाल्यांना दोन्ही तोंडांना अडवलं होतं, पिठाची गिरणी अर्धा तास बंद होती.

यावेळी हेमराजनं पद्धत बदलली. मागच्या वेळचा हात त्याच्या मनातून गेला नव्हता. एकच खूण, बरोबर सत्तर फुटांवर, आनंदाबाईंच्या तोंडापासून ओळंबा सोडून मोजलेली. तिथं प्रेमदासनं पाठ करून उभं राहायचं, तोंड पिंपळाकडे. बाई मनात येईल तेव्हा गातील. ऐकू आलं की हात वर करायचा.

"पाठ काऊन?" प्रेमदास म्हणाला.

"पद्धत हाय."

प्रेमदास जरा थांबला. मग वळून पिंपळाकडे तोंड करून उभा राहिला. शिक्षा झालेल्या पोरासारखा, हेमराजला उगीच वाटलं. तो त्याच्या शेजारी वही घेऊन उभा राहिला.

गल्ली गप्प झाली. आणि आनंदाबाईंनी सूर लावला.

भुलाबाई चालली नदीच्या थडीनं...

हेमराजला शब्द न् शब्द ऐकू येत होता. पिंपळावरच्या पाखरांना ऐकू येत होता. दुसरी ओळ झाली. तिसरी झाली. प्रेमदासचा हात खालीच होता. त्याची बोटं मात्र हलत होती. वर करावं की नको, कधी करावं, असं चाचपडत होती. मानेवर घाम आला होता. तो ऐकण्याची वाट पाहत होता, अजून गाणं सुरूच झालं नाही असं समजून.

हेमराजच्या हातातली पेन्सिल थांबली.

लिहून द्या. हो, हो. खिडकीपाशी बसून मोडक्या पुलावर बिनधास्त ठेवलेला बोल्ट. ती बहादुरी नव्हती. त्या दिवशी दोघी "थांब" म्हणाल्या होत्या, ते टेबलाच्या त्या टोकापर्यंत पोचलंच नव्हतं. मागच्या रविवारी हात वर होता तोही दहा फुटांसाठी नव्हता. आपल्याला ऐकू येत नाही, हे गल्लीला कळू नये म्हणून होता.

आणि आता बावीस घरं, पोच दिलेली बावीस घरं, त्या हाताकडे पाहत होती. ह्या सगळ्यांना नोटीस देऊन हेमराजनंच बोलावलं होतं. आकडा त्यालाच लिहायचा होता.

"नाई पोचत वाटते," वासुदेवराव पंचांच्या आवाजात म्हणाले.

तेव्हा गाण्याचा आवाज जरा जवळ आला. हेमराजनं मागं वळून पाहिलं. आनंदाबाई चुन्याच्या गोलातून बाहेर पडल्या होत्या. कडेवर पोर घेतल्यासारख्या, सावकाश, गात गात त्या फीत्याच्या कडेकडेनं चालत येत होत्या.

ऊठ माय पायानं, वाऱ्याचं का खरं?
आपली हाक आपण न्यावी, हेच बाई बरं.

"हरकत!" वासुदेवराव ओरडले. "हेमराजजी, खूण हलली! खूण हलली!"

"बाई, गोलात उभं राहा," कुणीतरी म्हणालं.

आनंदाबाईंनी गाणं तोडलं नाही, पण ओळ संपल्यावर श्वास घेता घेता म्हणाल्या, "तीस वर्षं अंगणवाडी केली म्या. ज्या पोराले ऐकू नाई आलं त्याच्या जवळ जाऊन गायलं. दारात उभी राहून फुटं नाई मोजले," आणि पुढचं कडवं धरलं.

साठ. पन्नास. चाळीस. चाळिसाच्या जरा अलीकडे प्रेमदासचा हात वर गेला. एकदम, जोरात, वर्गातल्या हुशार पोरासारखा. टिपऱ्या वाजल्या. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला होता, की हेमराजनं वहीत डोकं खुपसलं.

"काय लिहिलं?" वासुदेवरावांनी विचारलं. "आकडा सांगा."

हेमराजनं वही त्यांच्यापुढं धरली. मोजमापाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'गाणं पोचलं.' शेऱ्यात लिहिलं होतं, 'गाणारी चालली.' दोन्ही अक्षरशः खरं होतं. पंचांनी जरा कुरकुर करून सही केली, आणि सही करता करता पायऱ्यांचा विषय काढला.

हेमराजच्या डोक्यात मात्र 'गाणारी चालली' हेच घोळत होतं. त्यानं घरी जाऊन पुस्तक उघडलं. आपल्या पाळीला प्रत्येकाला तीस फूट चालता येतं. पान एकशे काहीतरी, ठळक अक्षरात. पाळी बाईंची होती. त्यांनी दोन चौकटी पुढं यायचं आणि गायचं, एवढंच होतं. घरचा नियम नको होता, फीता नको होता, बावीस नोटिसा नको होत्या. सव्वीस वर्षं दगडापासून दगडापर्यंत मोजलं. मोजायची खूण स्वतः उठून चालू लागेल, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. गायिकेला तो हद्दीचा दगड समजला होता.

गाण्याच्या पल्ल्याच्या वाक्याचा उरलेला अर्धा भागही त्यानं आता वाचला. साठ फुटांच्या आत असलेल्या, आणि ज्याला गाणं ऐकू येतं अशा सोबत्याला. सगळी गल्ली पहिल्या अर्ध्यावर भांडली होती.

पियुषला फोन केला तर तो म्हणाला, "अहो बाबा, चालून पाहिलंच असेल असं मी धरून चाललो. तुम्ही विचारलंच नाही."

दुपारी टेबल मांडला. बोल्ट पुलावर लटकलेला. आनंदाबाईंनी तुळशीचा मणी दोन चौकटी पुढं ढकलला. बारा चौकटी. साठ फूट. "गाते," त्या म्हणाल्या. प्रेमदासनं वीस बाजूंचा फासा टाकला. नऊ. वर यायला तेरा हवे होते. गाण्याचा लहान फासा टेबलभर गडगडला, बशीला धडकला आणि पाचवर थांबला.

"चौदा!" ज्योत्स्ना ओरडली. "आला वर!"

प्रेमदासनं बोल्ट उचलून काठावर ठेवला आणि धोतरावरची धूळ झटकावी तशी त्याच्यावर बोटं फिरवली. मग मान वर करून म्हणाला, "पण बावा, तो पूल मोडका होता, तं मले आधी कोणी सांगितलं काऊन नाई?"

ज्योत्स्नानं तोंड उघडलं. आनंदाबाईंनी टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला. बाहेरून ट्रॉली गेली.

हेमराज खाकरला. त्यानं वही ओढली, नवं पान काढलं, समास आखला. "घरचा नियम करायचा हाय," तो म्हणाला. "नंबर एक." लिहिता लिहिता वाचू लागला, मोठ्यानं, प्रेमदासकडे तोंड करून. "आजपासून टेबलावर सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे पाहून, मोठ्यानं बोलावं. खिडकी लावून घ्यावी. लढवय्यानं गोष्ट सांगणाऱ्याच्या उजव्या हाताले बसावं."

"हे काऊन?" प्रेमदास म्हणाला. त्याचा चेहरा जरा कडक झाला होता. "आधार काय?"

आधार. हेमराजनं पेन्सिल खाली ठेवली. सव्वीस वर्षांत बोटभर न सरकवणाऱ्या माणसानं थर्मासचं झाकण उघडलं, बंद केलं, आणि तो म्हणाला, "माह्या कानाचं आजकाल जमत नाई रे. तुम्ही लांबून बोलता, मले अर्धं समजत नाई. कोणाले सांगजो नोको."

प्रेमदासनं आपली खुर्ची उचलली, हेमराजच्या उजव्या हाताला आणून ठेवली आणि बसला.

"उमर झाली, भाऊ," तो म्हणाला. "वर्ध्याले कानाचा डॉक्टर हाय. एकटे नोका जाऊ, मी येतो संगं."

"ये."

प्रेमदासनं बोल्ट दोन बोटांत फिरवला.

"आलोच तं," तो म्हणाला, "मीबी दाखवून घेतो."